चढावर पडणारा काटा

लोणावळ्याच्या पेठेतून वलवणकडे निघालं, की चिक्कीच्या भट्ट्या संपतात तिथं डाव्या हाताला पत्र्याची एक शेड होती. दारावर पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण शेडच्या मालकाचा आवाज निम्म्या पेठेला ऐकू जाई. दस्तगीर मुलाणी कुणावर ओरडत असे, असं मात्र नाही. स्वभावानं तो अगदी मऊ माणूस. पण त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे आपण कुजबुजतोय की हाका मारतोय हे त्याला कळत नसे. त्याची बायको अकबरी शेजारच्या भट्टीवर गुळाचा पाक काढायला जाई. घरी असली म्हणजे ती तळहात पालथा करून हळूच खाली दाबी. तेवढ्या खुणेवर तो आवाज खाली आणी.

कान त्याचे बॉयलरनं नेले. जन्म पवनेकाठच्या गावातला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये लागला आणि घाट चढणाऱ्या आगगाड्यांच्या बॉयलरांवर त्यानं चौदा वर्षं घालवली. लोखंडी पिंपाच्या पोटात बसून बाहेरच्या माणसानं ठोकलेला रिव्हेट आतून धरायचा, हे त्याचं काम. तिशी गाठेपर्यंत कानात नुसता भोंगा राहिला आणि मग तोही गेला. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिनं आली, शेडमधली माणसं कमी केली गेली, त्यात दस्तगीरही घरी आला. पुढं खंडाळ्याच्या एका पारशी शेठच्या बंगल्यावर त्यानं मोटारी सांभाळल्या, आणि लढाईच्या काळात तीन वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये जीपगाड्या खोलल्या आणि जोडल्या.

बहिरा माणूस मोटारी कशा दुरुस्त करतो, हा प्रश्न नवख्या गिऱ्हाइकाला पडायचाच. दुसरे मिस्त्री इंजिनाला कान लावत. दस्तगीर बाभळीची एक काठी घेई, तिचं एक टोक इंजिनाच्या अंगावर टेकवी आणि दुसरं दातांत धरी. डोळे मिटून तो असा उभा राहिला की जाणारे-येणारे हसत. पण बेअरिंग खिळखिळं झालंय की टॅपेट वाजतंय, हे त्याच्या दाढांना कळे. बाकीचं काम बोटं करत आणि डोळे. माणसांचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा. मिशाळ माणसांशी त्याचं कमी जमे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी पेठेतल्या चढावर माणसं गोळा झाली. बैलांच्या दोन जोड्या एक जीप ओढत आणत होत्या. जीपमध्ये स्टिअरिंगच्या चाकाशी तांबडा फेटा बांधलेला एक गृहस्थ ताठ बसला होता, आणि बाजूनं एक बाई हातात कासरा घेऊन चालत होती, मागून एक गडी. वरात शेडसमोर थांबली.

गृहस्थ उतरला. "दस्तगीरभाऊ, मला वळखलं का? मी रखमाजी घारे. तुमच्याच गावचा, पल्याडच्या आळीचा."

मिशा होत्या, पण कातरलेल्या. दस्तगीरला सगळं वाचता आलं. तो हसून म्हणाला, "बुडणाऱ्या पोराला खांद्यावर घेऊन पवनेतनं पोहणारा रखमाजी?" हे त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं, की एक बैल दचकून बाजूला सरला.

"त्योच. अन् ही आमची बयाबाई."

रखमाजीनं ही जीप लष्कराच्या लिलावातून उचलली होती. पवन मावळात तेव्हा मोटार जाईल असा रस्ता नव्हता. गाडीवाटा होत्या, ओढे होते आणि लोणावळ्याकडं यायला दुधिवऱ्याची खिंड होती. पण ही गाडी पुढची चाकंही जोर लावणारी, त्यामुळे बैलगाडी जाईल तिथं ती जायची आणि जिथं बैल अडायचे तिथंही जायची. दूध कामशेतला, आजारी माणूस दवाखान्यात, नवरी सासरी, सगळं तीच नेई. वर्षभरात गावाला तिची अशी सवय लागली, की लोक लग्नाची तारीख धरण्याआधी रखमाजीला विचारत.

"मग बैल कशाला?" दस्तगीरनं विचारलं.

"सपाटीला ती आपली आपन चालती. बैल घेऊन आमचा गेणू गडी मागनं येतो. चढ आला की मी तिला बंद करतो अन् बैल जुपतो. दोन दीस लागलं यायला." रखमाजीनं डॅशबोर्डवरच्या एका छोट्या घड्याळासारख्या तबकडीकडं बोट केलं. "ह्यो काटा. सपाटीला बरूबर उभा. चढाला लागलं की पडतो. पार झोपतो. पुन्याच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, तेलाचा पंप गेला. दुसरा बसवला. तरी पडतोच. मग म्हनला, इंजनच झिजलं, आता भंगारात घाला."

दस्तगीरनं तबकडीकडं पाहिलं, मग रखमाजीकडं. "काटा पडला की तू लगेच बंद करतोस?"

"लगेच. एक चाकसुदा पुढं जात न्हाई."

"मग इंजिन मेलेलं न्हाई," दस्तगीर म्हणाला, आणि बाह्या वर केल्या.

इंजिनाच्या अंगात तेल हे रक्तासारखं फिरतं. खाली लोखंडी पेटी असते, मिस्त्री तिला चेंबर म्हणतात. त्यात तेल साठतं. बाजूला बसवलेला पंप ते ओढतो आणि बारीक वाटांनी प्रत्येक फिरत्या भागापर्यंत पोचवतो. किती जोरानं पोचवतो ते काटा सांगतो. काटा पडला याचा अर्थ तेल पोचत नाही, आणि तेल पोचलं नाही तर लोखंड लोखंडाला खातं. पण काटा का पडतो याला एकच कारण नसतं, हे दस्तगीर लष्करात शिकला होता. तिथला एक बुजुर्ग मिस्त्री म्हणायचा, पंपाला फाशी देण्याआधी साक्षीदार तपासा.

पहिला साक्षीदार काटाच. तो खोटं बोलत असेल तर? दस्तगीरकडं तंबाखूच्या डब्यात जपून ठेवलेलं एक दुसरं गेज, तसलीच काट्याची तबकडी, होतं. जुनी नळी सोडवून त्यानं ते जोडलं, इंजिन चालू केलं. काटा छान वर गेला. मग शेडमागच्या टेकडाला जाणाऱ्या गाडीवाटेवर त्यानं रखमाजीला जीप चढवायला सांगितली आणि स्वतः पायरीवर उभा राहिला. नाक वर झालं, आणि त्याचाही काटा झोपला. म्हणजे काटा खरं बोलत होता.

त्यानं गाडी खाली आणवली. काठी दातांत धरून इंजिनावर टेकवली. बेअरिंगं शांत होती. कुठं ठोका नाही, खरखर नाही. मात्र इंजिन आळसावल्यासारखं चालत होतं, पाय जड झालेल्या माणसासारखं.

"पंप म्हातारा झाला असता," तो रखमाजीला म्हणाला, "तर त्यानं सपाटीवर पण धापा टाकल्या असत्या. इंजिन तापल्यावर जास्त टाकल्या असत्या. हा फक्त चढाला दम सोडतो. म्हणजे चढाला त्याच्या तोंडी तेलच येत न्हाई."

रखमाजीनं मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी अवघडल्यासारखं झालं.

दस्तगीरनं डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, ओढून काढली. तेल चिमटीत घेऊन बोटं लांबवली. दोन बोटांत एक बारीक तार उभी राहिली आणि तुटेना. अकबरी तेवढ्यात भट्टीवरून घरी आली होती. तिनं ती तार पाहिली आणि सवयीनं बोलून गेली, "एकतारी झालाय की. आता उतरवायला पायजे."

तेलाची तार निघत नाही. पाकाची निघते. दस्तगीरनं बोटं तिच्या नाकापाशी नेली. अकबरीनं हुंगलं, भुवया वर केल्या आणि ती कोपऱ्यातल्या चुलीवर चहाचं दूध ठेवायला वळली. पाहुणे समोर होते.

"चेंबर खोलावं लागेल," दस्तगीर म्हणाला.

"ते न्हाई जमायचं," रखमाजी म्हणाला.

आणि मग त्यानं ती हकीगत सांगितली, जी एव्हाना पवन मावळात सगळ्यांना पाठ होती. पाच महिन्यांमागं सोपान ठाकरची बायको मुक्ताबाई अडली. सुईण हरली. भल्या सकाळी तिला जीपमध्ये घालून रखमाजी आणि बयाबाई लोणावळ्याच्या दवाखान्याकडं निघाले. ओढ्यात एक धोंडा चेंबरच्या बुडाला लागला. पलीकडं चढून थोडं गेले तोवर काटा खाली आलेला. रखमाजीनं खाली वाकून पाहिलं, तर बुडाचा नट ढिला होऊन तेल सगळं वाटेत सांडलेलं. नट त्यानं घट्ट केला, पण तेल कुठून आणायचं? मुक्ताबाई कण्हत होती. रखमाजी शेजारच्या वाडीत पळाला, डोलीला चार माणसं मिळतात का बघायला. माणसं सगळी रानात. हात हलवत परत आला. काहीच सुचेना, म्हणून त्यानं भैरवनाथाचं नाव घेतलं आणि नुसती किल्ली फिरवली. काटा ताठ उभा राहिला. तेल नसलेल्या गाडीचा. तशीच ती खिंड चढली, दवाखान्यात पोचली. मुक्ताबाई वाचली, मुलगा झाला. त्याचं नाव भैरू ठेवलं.

"त्या चेंबरात द्येवाचं त्याल हाय, भाऊ," रखमाजी म्हणाला. "देवळाच्या अंबाजी गुरवानं सांगितलं, ते सांडायचं न्हाई. वरनं भर घाला, पर खालचं सोडू नका. गावाची लोकं बघायला येत्यात. पुन्याच्या गॅरेजवाल्याला बी मी चेंबराला हात लावू दिला न्हाई."

हे सांगताना तो दस्तगीरकडं तोंड करून उभा होता. त्याच्या मागं, चुलीपाशी, अकबरीच्या शेजारी बयाबाई उभी होती. दस्तगीरची नजर तिच्यावर गेली, कारण तिचे ओठ हलत होते. आवाज नसावा, कारण रखमाजीनं मान वळवली नाही. शेजारची अकबरीसुद्धा दुधाकडं बघत होती. बयाबाई फक्त त्याच्याशी बोलत होती, सावकाश, एकेक शब्द तोंडात धरून दाखवत.

"द्येवानं न्हाई. मी वतलं."

दस्तगीरनं डोळे बारीक केले. ती पुन्हा म्हणाली.

"भनीला द्यायला डबा न्हेत व्हते. खुरासनीचं त्याल. घान्याचं."

'खुरासनी' हा शब्द त्याला पहिल्यांदा कळला नाही. त्यानं भुवया उंचावल्या. बयाबाईनं तेलात भजी सोडल्यासारखे हात केले आणि पुन्हा तो शब्द म्हणाली. मग कळला.

"ह्यास्नी सांगू नका. हे परत आले, हात जोडले, अन् रडाय लागले. मग कसं सांगू?"

दस्तगीरच्या पोटात हसू उठलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. मावळात घरोघरी जेवणात असतं ते खुरासणीचं तेल. चांगलं तेल, पण त्याचा एक गुण असा, की उष्णतेनं आणि हवेनं ते घट्ट होतं, कढईच्या काठाला चिकट पापुद्रा धरतं. बाईनं त्या दिवशी ते ओतलं नसतं तर इंजिन तिथंच जळून बसलं असतं आणि मुक्ताबाई वाटेतच गेली असती. दवाखान्यातून परतल्याबरोबर ते काढून टाकलं असतं, तर आज जीप बैलांमागं आली नसती. चूक ओतण्यात नव्हती. पाच महिने आत ठेवण्यात होती.

पण हे बोलणार कसं? त्याच्या कुजबुजीवर त्याचाच विश्वास नव्हता. म्हणून त्यानं थोडा वेळ पाना पुसला.

"रखमाजीभाऊ," तो शेवटी म्हणाला, आणि अकबरीचा तळहात खाली गेलेला पाहून आवाज उतरवला, "देवानं तेल दिलं ते कशाला? त्या बाईला पोचवायला. ते काम झालं. आता तेच तेल गाडीचा गळा धरून बसलंय. देवाला हे आवडंल का? आपण ते सांडायचं न्हाई. पितळी घागरीत काढू. तू घेऊन जा, देवाच्या घरी परत दे. देवळाच्या दाराला, वाशांना लाव. वाळवी फिरकायची न्हाई."

रखमाजी विचारात पडला. त्यानं बायकोकडं वळून पाहिलं. बयाबाई चुलीकडं बघत होती, पण तिनं होकाराची मान डोलावली.

"देवळाच्या वाशास्नी वाळवी लागलीच हाय," रखमाजी म्हणाला. "खोला."

तेल घागरीत उतरलं ते काकवीसारखं. दस्तगीर जीपखाली पाठीवर सरकला, एकेक बोल्ट काढला आणि चेंबर खाली घेतलं. वर पाहतो तर त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसलं. चेंबरच्या आत एक चपटा पत्र्याचा डबा असतो, आत हवा भरलेला, तेलावर तरंगणारा. त्याच्याच बुडाला जाळी, आणि त्या जाळीतून पंप तेल ओढतो. नळीच्या सांध्यावर तो मान हलवतो, तेल खाली गेलं की खाली, वर आलं की वर. या जीपमध्ये ती मान आखडली होती. सांध्यावर तपकिरी चिकट पापुद्रा बसला होता, आणि डबा सपाटीला तेल जिथं असतं तिथंच चिकटून राहिला होता. चढाला तेल मागं सरकायचं, डबा मात्र अधांतरी. पंप बिचारा हवा गिळायचा.

त्यानं रखमाजीला खाली बोलावलं आणि बोटानं डबा दाबून दाखवला. डबा हलला नाही. रॉकेलचा बोळा फिरवून, थोडं थांबून पुन्हा दाबला. या वेळी तो मान डोलावल्यासारखा खाली गेला, वर आला.

"एवढ्याचपायी?" रखमाजी म्हणाला.

"एवढ्याचपायी. बाहेरून पंप किती बी बदला, आतलं तोंड मिटलेलं."

पुढचे दोन दिवस काम चाललं. रखमाजी आणि बयाबाई अकबरीकडंच राहिली. अकबरीनं भाकरी थापल्या, बयाबाईनं गावाहून आणलेल्या तांदळाचा भात केला, आणि दोघींचं गुळाच्या पाकावरून असं जमलं की बयाबाई दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन पाक घोटून आली.

दस्तगीरनं पंपही उतरवला. पंप काढण्याआधी त्यानं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून आतला हात कुठं रोखलाय ते खडूनं खुणावून ठेवलं. या इंजिनात पंपाच्याच दांड्यावर डिस्ट्रिब्यूटर फिरतो. पंप एक दात इकडं-तिकडं बसला, की ठिणगी उशिरा पडते. पुण्यात नेमकं तेच झालं होतं. म्हणून इंजिन आळसावलं होतं. पंप स्वतः मात्र ठणठणीत होता. आतल्या चकत्या त्यानं अंगठ्यानं फिरवून, नखानं फट तपासून पाहिल्या. दाब सांभाळणारी छोटी स्प्रिंग आणि तिच्यापुढचा दट्ट्या त्याच पापुद्र्यात रुतलेले होते. ते रॉकेलात धुतले. तेलाच्या वाटांतून तारेला बांधलेलं फडकं ओढून काढलं. कॉर्कचं नवं पॅकिंग त्यानं कात्रीनं कापलं. अकबरी दुसरं टोक धरून बसली.

पंप परत बसवण्याआधी त्यानं तो तेलानं भरला. रखमाजीला ते नवल वाटलं.

"कोरडा पंप ओढत न्हाई," दस्तगीर म्हणाला. "तहानलेल्या माणसाला आधी घोटभर पाणी द्यायचं, मग विहिरीवर पाठवायचं."

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप निघाली. बैलांना गेणू गड्याबरोबर सकाळीच पुढं लावून दिलं होतं. खिंडीतला चढ दस्तगीरला स्वतः पाहायचा होता, म्हणून तो रखमाजीशेजारी बसला. बयाबाई आणि अकबरी मागं. घागर बयाबाईच्या मांडीवर, तोंडाला फडकं बांधलेलं. अकबरीला तिकोना किल्ला जवळून बघायचा होता, असं तिनं सांगितलं.

औंढे गावाच्या पुढं चढ लागला. रखमाजीनं पुढच्या चाकांचा गिअर टाकला. दस्तगीर काठी दातांत धरून खाली वाकला, तिचं टोक पायाशी पत्र्यावर टेकवलं. पायाखालून येणारी थरथर एकसारखी होती. त्यानं डोळे उघडून काट्याकडं पाहिलं. काटा ताठ. नाक आणखी वर झालं, दगड चाकांखालून उडू लागले, उजव्या हाताला दरी उघडली. काटा तसूभर हलला नाही.

रखमाजीचा चेहरा फुलला. वाट जरा सरळ झाली. मग त्यानं मान दस्तगीरकडं वळवली आणि ओठ हलवले. बयाबाईनं केलं होतं तसंच, आवाज न करता. या दोघांना एकच युक्ती कशी सुचते, याचं दस्तगीरला कौतुक वाटलं.

"भाऊ, एक सांगतो. मला म्हाईत व्हतं."

दस्तगीरनं काठी दातांतून काढली.

"खुरासनीचं त्याल. तिनंच वतलं. दवाखान्याच्या दारात गाडी हुबी केली, तवा धुराड्यातनं भज्यांचा वास येत व्हता. भनीला न्ह्यायचा डबा रिकामा. मी काय येडा हाय व्हय?"

दस्तगीरनं काठी मांडीवर आडवी ठेवली.

"पर सांगू कसं? ती गप. म्या म्हनलं, ती आपल्या तोंडानं सांगंल. अन् गावात तवर द्येवाचं झालं. आता मी म्हनलं आसतं का, की द्येव न्हाई, बायकू, तर अंबाजी गुरव काय म्हनला आसता? अन् पोराचं नाव बी ठेवून झालं भैरू."

हे ऐकून, म्हणजे वाचून, दस्तगीरला राहवलं नाही. त्यानं वाकून, तोंडाशी हात धरून, अगदी कानात सांगावं तसं विचारलं. त्याच्या मनानं ती कुजबुज होती.

"मग वहिनीला सांग की, खुरासणीचं तेल तिनंच ओतलं ते तुला पहिल्या दिसापासनं म्हाईत हाय म्हणून."

ही कुजबुज दरीच्या पलीकडच्या कड्यावरून परत आली. वाटेनं मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबून बघायला लागली. दस्तगीरनं मागं वळून पाहिलं. अकबरीचा तळहात खाली दाबलेला होता, पण ती मागं बसली होती आणि उशीर झाला होता.

रखमाजीनं जीप थांबवली. चढावरच, ब्रेक लावून. मागं वळायचं धाडस त्याला होईना. समोर बघतच तो म्हणाला, "बया..."

बयाबाई घागर घट्ट धरून बसली होती. चेहरा लाल. मग तिनं दस्तगीरला दिसेल असं तोंड करून, पण आता मोठ्यानं विचारलं, "पयल्या दिसापासनं?"

"भज्यांचा वास येत व्हता," रखमाजी समोरच्या काचेला म्हणाला.

"अन् मी पाच म्हैने भैरवनाथाला दर आयतवारी नारळ फोडते. म्या खोटं ठेवलं म्हनून माफी मागते."

"मी बी त्येच्याचसाठी फोडत व्हतो."

आधी बयाबाई हसली, मग अकबरी, आणि मग घागर हिंदकळायला लागली म्हणून अकबरीनं ती धरली. रखमाजी कपाळ चाकावर टेकवून हसत होता. दस्तगीरला हसण्याचा आवाज येत नव्हता, पण सीटच्या पत्र्यातून ते अंगात शिरत होतं आणि त्याला ते इंजिनाच्या थरथरीपासून वेगळं ओळखू येत होतं. काटा मध्येच त्याच्या नजरेस पडला. गाडी नाक वर करून उभी, इंजिन मंद चालू, आणि काटा जागच्या जागी. हीच खरी परीक्षा, असं त्याच्या मनात आलं. त्यानं रखमाजीच्या खांद्यावर थाप मारून त्याला तो काटा दाखवला.

खिंड ओलांडून ते खाली उतरले. घागर देवळात गेली. गावाला काय सांगायचं यावर नवरा-बायकोनं वाटेतच ठरवलं होतं: अंबाजी गुरवाला खरं सांगायचं, बाकीच्यांना त्यानं हवं ते सांगावं. गुरवानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खुरासनी बी त्याच्याच रानात पिकती. वाशांना लावा." आणि वाशांना तेल लागलं.

दस्तगीर त्या खेपेला गावात चार दिवस राहिला. इतक्या वर्षांत तो इतका कधी राहिला नव्हता, कारण गावी प्रत्येक जण त्याच्याशी बोलताना ओरडे आणि ओरडताना ओठ वेडेवाकडे होऊन त्याला काहीच कळत नसे. बयाबाईनं आळीतल्या सगळ्यांना एकदा बजावलं, की भाऊंशी बोलताना ओरडू नका, समोर उभं राहून सावकाश बोला. सोपान आणि मुक्ताबाई भैरूला घेऊन आले. पाच महिन्यांच्या पोराला दस्तगीरचा आवाज फार आवडला. तो बोलला की पोर पाय झाडून हसे.

जाताना बयाबाईनं त्याला थांबवलं. "भाऊ, मला ते शिकवा."

"काय?"

"त्याल बघायचं. ह्यांचं ध्यान न्हाई. हे नुस्ते काट्याकडं बघत्यात. काटा पडूस्तवर कशाला थांबायचं?"

दस्तगीरला ते पटलं. त्यानं जीप सपाट जागी उभी करवली, इंजिन थंड होऊ दिलं. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालून पुन्हा काढायची, हे त्यानं दाखवलं. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. चिमटीत घेऊन तार निघाली तर सावध व्हायचं. पेट्रोलचा वास आला तर ते तेलात मिसळतंय. पांढरं, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. बयाबाईनं एकेक गोष्ट दोनदा करून दाखवली. शेवटी विचारलं, "अन् खुरासनी?"

"ती भज्यास्नी," दस्तगीर म्हणाला.

त्यानंतर दर दोन महिन्यांनी रखमाजी त्याला आणायला यायचा. दस्तगीर चेंबर खोलून डबा हलतो का ते पाही, जाळी धुई, पंपाची झडप तपासी. हळूहळू त्या बाजूच्या इतर गाड्याही त्याच्याकडं यायला लागल्या. पुण्याच्या त्या गॅरेजचा माणूसही एकदा येऊन बसला आणि पंप बसवताना खडूची खूण कुठं करायची ते शिकून गेला. दस्तगीरनं सगळं दाखवलं. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात दस्तगीर आणि अकबरी गावी आली होती, तेव्हा रखमाजीच्या भावकीतल्या भिमाजी घाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. वऱ्हाड कामशेतला जायचं होतं. नवरदेव मुंडावळ्या बांधून जीपमध्ये बसला, करवल्या बसल्या, वाजंत्री मागच्या बाजूला लोंबकळले. मुहूर्त जवळ येत होता. रखमाजीनं किल्लीला हात घातला, तोच बयाबाई पुढं आली. तिनं बॉनेट उघडायला लावलं.

"आगं, मुहूर्त," रखमाजी म्हणाला.

बयाबाई बॉनेटखाली वाकली. डिपस्टिक काढली, पदराला न लावता कमरेच्या फडक्याला पुसली, घातली, पुन्हा काढली आणि उन्हात धरून बघितली. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून मान लांब केली. सगळं वऱ्हाड तिच्या हाताकडं बघायला लागलं. वाजंत्र्यांनीही सनई तोंडातून काढली.

"पाव शेर कमी हाय," बयाबाई म्हणाली. तिनं डबा आणवला, नरसाळं लावून तेल घातलं, पुन्हा रेघ पाहिली आणि बॉनेट खाली घेतलं.

"निघा आता."

ओट्यावर बसलेला दस्तगीर हे बघत होता. अकबरीला तो काहीतरी म्हणाला. अकबरीनं तळहात खाली दाबला नाही, कारण सनई पुन्हा सुरू झाली होती, आणि वऱ्हाड धूळ उडवत चढाला लागलं होतं.